आवळवाडीची दुसरी शिवरात्र

शिवरात्र माघात येते हे आपल्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. म्हणून कौसाबाईनं फोनवर, "वैनी, आवंदा शिवरातीला या आमच्याकडं, चैत सरायच्या आत कवाबी हाय," असं म्हटलं तेव्हा मला वाटलं, बाईला ऊन लागलं. माघ कधीच सरला होता. उपास करून, भगर खाऊन, नदीकाठच्या महादेवाला बेल वाहून मी मोकळी झाले होते.

"अगं, तारीख तरी सांग," म्हटलं.

"तारीख आजून न्हाई ठरली. समद्या टोळ्या माघारी आल्या म्हंजी ठरंल."

पंचांग गुंडाळून ठेवायचं आणि शिवरात्रीची तारीख ऊसतोडीच्या टोळ्यांवर सोपवायची, असं गाव मी तरी ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, जायचंच.

आता कौसाबाई कोण ते सांगते. आमचं गाव कोल्हापूरकडचं, ऊस आमचा. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात, बांधाला पाचटाच्या कोप्या घालतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. कौसाबाई आणि तिचा नवरा कितीतरी हंगाम आमच्या रानात आले. नवरा वारला, मग तिचा मुलगा सुदाम आणि सून रंजना यायला लागली. रंजना तर माझी लाडकी. पहाटे ऊस तोडून आली तरी दारातून हाक मारताना हसतच मारायची. इतकी वर्षं ही माणसं आमच्या उशाला राहिली आणि आम्हाला त्यांच्या गावाचं नाव विचारलं तर सांगणार, बीडकडचं कुठलं तरी. ते आमच्याकडं येतात, आपण त्यांच्याकडं जायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नाही. आमचे मालक म्हणाले, "लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात आणि तू बीडला निघालीस!" म्हटलं, महाबळेश्वर कुठं पळून जातंय?

मांजरसुंबा

एसटीत काय काय सोसलं ते सांगत बसत नाही, सगळ्यांनीच सोसलेलं असतं. मांजरसुंब्याला उतरले तेव्हा डोक्यावर ऊन आणि पोटात कावळे होते. हायवेच्या दोन्ही अंगाला ढाबे, ट्रक लागलेले, बाजांवर ड्रायव्हर आडवे. एका ढाब्यावर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी मागवली. आम्हा कोल्हापूरकरांना तिखटाचा फार गर्व. तो माझा तिसऱ्या घासाला उतरला. नाकाडोळ्यातून पाणी वाहायला लागलं तसा ढाब्याचा मालक ताकाचा तांब्या घेऊन आला.

"कुठं चाललात, ताई?"

"आवळवाडीला. दिंद्रुडच्या पुढं."

"कावून? लगीन हाय का कुणाचं?"

'कावून' म्हणजे 'का' हे मला रंजनामुळं माहीत होतं. म्हटलं, "नाही, शिवरात्र आहे." त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, डोक्यावरच्या उन्हाकडं पाहिलं आणि न मागता आणखी एक तांब्या ताक ठेवलं. त्याचे पैसेही घेतले नाहीत, म्हणजे बाई खरंच आजारी आहे अशी त्याची खात्री पटली असावी.

तिथून बीड, आणि बीडहून दिंद्रुडची गाडी. बालाघाटाचे डोंगर उन्हाळ्यात अगदी उघडे पडतात. सीताफळीची वाळकी झुडपं, काळ्या रानात उभ्या राहिलेल्या कपाशीच्या काड्या, मधेच कडब्याची गंज. आमच्याकडं नजर जाईल तिकडं हिरवं असतं, त्यामुळं लांबचं काही दिसतच नाही. इथं दोन कोसांवरचं लिंबाचं झाड दिसत होतं आणि त्याच्याखाली बसलेला माणूसही. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू.

दिंद्रुड

दिंद्रुड मोठं गाव. बाजारपेठ आहे, कापसाची, किराण्याची दुकानं आहेत. नारळ घ्यायला एका दुकानात शिरले. दुकानदार लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी. आवळवाडीला चालले म्हटल्यावर चेहरा खुलला.

"दुसऱ्या शिवरातीला व्हय? घ्या, नारळ हितूनच घ्या. तिथं जत्रंतला नारळ पाणचट आसतो." मग वजनकाट्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "गाठी किती राहिल्यात म्हणे?"

"कसल्या गाठी?"

"तुमाला म्हाईत न्हाई?" तो हसला. "जा, बगालच."

आता मला राहवेना. पुढची काळीपिवळी जीप भरेपर्यंत मी तिथं उभ्या असलेल्या दोन बायकांना विचारलं, तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "गाठी समद्या सुटल्या का वो?" जिकडंतिकडं गाठी, आणि सांगायला कुणी तयार नाही. जीपमध्ये माझ्या शेजारी एक शेळी होती. तिनं या गडबडीत माझ्या पदराचं टोक चघळून ओलं केलं. शेळीची मालकीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ती पावन्याला तसंच करती." मी पदर पिळून घेतला. शेळीला काय बोलणार?

आवळवाडी

कौसाबाई वेशीवरच उभी होती. आमच्या रानात मी तिला नेहमी वाकलेली पाहिलेली, डोक्यावर मोळी नाहीतर हातात कोयता. इथं ती ताठ उभी होती, डोक्यावर धुवट पदर. मी ओळखलंच नाही पटकन. तिनं माझ्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली आणि घरी नेऊन गूळ-पाणी दिलं. माळवदाचं घर, आत गार. भिंतीला सुदाम-रंजनाच्या लग्नातला फोटो.

"ही दोघं कुठायत?" मी विचारलं. यंदा ती आमच्याकडं आलीच नव्हती, सांगलीकडच्या कारखान्याला गेली होती.

"येतेत," एवढंच म्हणाली आणि मला देवळाकडं घेऊन निघाली.

आवळवाडीचं महादेवाचं देऊळ गावापेक्षा खाली आहे. बारवेला उतरतो तशा दगडी पायऱ्या उतरून जायचं. काळ्या दगडाचं जुनं बांधकाम, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. कुणी बांधलं ते कुणालाच नक्की माहीत नाही, आणि माहीत नाही याचं कुणाला वाईटही वाटत नाही. सभामंडपात मात्र अख्खं गाव नांदत होतं. दोन म्हातारे खांबाला पाठ लावून घोरत होते. बायका सुपात तूर निवडत होत्या. एका खांबावर कोरलेल्या यक्षाच्या हाताला दोरीनं झोळी टांगलेली, आणि आत लेकरू झोपलेलं. आमच्या गावच्या देवळात संगमरवरी फरशी आहे, देणगीदारांच्या पाट्या आहेत आणि 'शांतता राखा' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्यामुळं तिथं कुणी थांबतच नाही. इथली गार फरशी पाहून माझीच पाठ टेकायची इच्छा झाली.

देवळात शिरलं की हात आपोआप वर जातो. माझाही गेला.

"हां हां हां! बाई! हात खाली!" मंडपातल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. एकीनं तर धावत येऊन माझं मनगटच धरलं. झोळीतलं लेकरू उठून रडायला लागलं. म्हटलं, काय गुन्हा केला बया!

वर पाहिलं. ही मोठी घंटा, चांगली घागरीएवढी. पण तिच्या आतला लोलक, ज्याला ते लोक जीभ म्हणतात, त्याला लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. तीनच होत्या. एक जांभळी, एक पिवळी, आणि एक हिरवी, लाल काठाची. त्यातली हिरवी सगळ्यांत जाड, घडी घालून गुंडाळलेली.

"दिवाळीत बगायला पायजे व्हतं तुमी," मनगट सोडून ती बाई म्हणाली. "भोपळ्याएवडा गोळा आस्तो."

मग गाभाऱ्यातून गुरव आप्पा बाहेर आले. पंचाहत्तरीचे असतील, अंगात बंडी, बोलताना प्रत्येक वाक्याला मान हलवायची सवय. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात तेव्हा ट्रकमध्ये बसायच्या आधी प्रत्येक जोडी देवळात येते. बायको आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडते, दोघं मिळून ती घंटेच्या जिभेला बांधतात. गावातली बहुतेक घरं जातात, त्यामुळं घंटा पार मुकी होते. माघातल्या खऱ्या शिवरात्रीला आप्पा हातातली छोटी घंटी वाजवून पूजा करतात, मागं राहिलेले म्हातारेकोतारे बेल वाहतात, संपलं. पालखी जागची हलत नाही. उन्हाळ्यात जो तो परत येतो आणि आपापली गाठ सोडतो. शेवटची गाठ सुटली की दुसऱ्या दिवशी घंटा वाजते, पालखी निघते. ती दुसरी शिवरात्र.

"पण घंटा का बांधायची? कुलूप लावा की देवळाला," मी म्हटलं.

"आवो, ही घंटा इकत आणल्याली न्हाई," आप्पा म्हणाले. "आमच्या पणज्याच्या वक्ताला, निजामाचं राज व्हतं तवा, घरटी एकेक काशाची थाळी दिली लोकांनी. कुणी वाटी दिली, कुणी तांब्या. ओतारी लांबून आलता. हितंच पायऱ्यांच्या कडंला भट्टी लावली."

"आणि ज्याच्या घरी काशाची थाळी नव्हती त्यानं?"

"त्यानं भट्टीला लाकडं दिली. त्याचाबी मान तेवडाच." आप्पांनी मान हलवली. "मंग बहात्तरच्या दुष्काळानंतर लोक तोडणीला जाया लागले. एका शिवरातीला पालखी उचलायला खांदेच न्हाईत. तवा आमच्या आज्यानं आपल्या उपरण्यानं जीभ बांधली. म्हणला, ज्यांच्या थाळ्या हायेत ह्याच्यात, ते आल्याबिगर वाजवायची न्हाई."

"खोटं!" तूर निवडणारी एक म्हातारी सुपावरून मान न उचलता म्हणाली. "तुज्या आज्यानं न्हाई, माज्या सासूनं बांधली. घंटा वाजली की म्हाताऱ्या माणसांना वाटायचं पोरं आली, आन् पळत खाली यायची पायऱ्यानं. बगतेत तर कुणी न्हाई. लई रडायची. म्हणून बांधली तिनं."

"उपरणं व्हतं ते!"

"धडुतं व्हतं माज्या सासूचं!"

हे भांडण तिथं रोजचं असावं, कारण घोरणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणीही कूस बदलली नाही. मला दोन्ही कहाण्या खऱ्या वाटल्या, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

तेवढ्यात वर वेशीकडं ट्रकचा हॉर्न वाजला आणि मंडप रिकामा झाला. कर्नाटकात गेलेली टोळी आली होती. भांडी, बिछाने, कोंबड्यांच्या डालग्या, सगळं लादलेलं, आणि त्याच्यावर माणसं. दोन जोड्या घरी न जाता तशाच धुळीच्या अंगानं देवळात उतरल्या. आप्पांनी खाली लाकडी घडवंची ठेवली. पहिल्या बाईनं जांभळी गाठ सहज सोडली आणि चिंधी कमरेला खोवली. दुसरीची पिवळी काही सुटेना. इतके महिने कोयता धरून तिच्या बोटांना बारीक काम जमेना. शेवटी घडवंचीवर टाचा उंचावून तिनं दातानं गाठ ओढली. नवरा खालून तिचे पाय धरून उभा, "पडशील गं, पडशील!" आणि सगळे हसत होते. गाठ सुटली तशी ती वरच बसून रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. मीसुद्धा डोळे पुसले. एवढ्या लांब आल्याचं चीज झालं असं वाटलं.

मग सगळ्यांची नजर वर गेली. हिरवी चिंधी तेवढी राहिली होती. ती मी आत्ता ओळखली. लाल काठाचं हिरवं लुगडं मीच मागं एकदा संक्रांतीला रंजनाला दिलं होतं.

मी वळून पाहिलं तर कौसाबाई पायऱ्या चढून निघाली होती.

चुलीपाशी

संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली. भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ घालून घट्ट केलेली ही आमटी आमच्याकडं नाही. भाकरी कुस्करून, वरून कच्चा कांदा फोडून खायची. मी दोनदा मागून घेतली. कौसाबाई भाकऱ्या थापत राहिली, स्वतः मात्र जेवली नाही.

"सुदाम येणार नाही का?" मी शेवटी विचारलं.

"टोळी कवाची आली. ही दोघं तितंच ऱ्हायली, सांगलीकडं. गाई-म्हशीच्या गोठ्यावर काम लागलंय, बाराही म्हयनं. लेकीला शाळंत घातलंय." तिनं भाकरी उलटली. "चांगलं केलं. मी न्हाई म्हणती का? माजा सुदाम शाळंत कवाच टिकला न्हाई, दर दिवाळीला आमच्याबरूबर ट्रकात. त्याची लेक तरी एका जाग्याला शिकू दे."

"मग?"

"मंग काय! फोनवर म्हणला, आता काय येणं होत न्हाई, सुट्टी देत न्हाईत, तूच गाठ सोडून टाक." तिचा आवाज चढला. "फोनवर गाठ सुटती व्हय, वैनी? ज्यानं बांधली त्यानं सोडायची. मेल्या माणसाची सोडतेत घरचे. ह्याच्या बापाची मी सोडली ह्या हातानं. आता जित्या लेकाची सोडू?"

मी म्हटलं, एवढं काय त्यात, रीतच ती. तशी तिनं मला शेजारच्या गल्लीतल्या एका घराची गोष्ट सांगितली. ते लोक शहरात गेले, निरोप धाडला की आमची गाठ सोडा. आप्पांनी सोडली. तेव्हापासून पालखी त्यांच्या ओट्यापाशी थांबत नाही. कुणी ठरवलं नाही, भांडण नाही, पण थांबत नाही. पुढं तो माणूस एका लग्नाला गावात आला तर वेशीवर पोरांनी त्याला विचारलं, "पावनं, कुणाकडं आलात?"

"तसं म्हणतील माज्या सुदामला," कौसाबाई म्हणाली. "तीन दिस झाले, माजा फोन उचलत न्हाई. माय रडती म्हणून भेतो."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मी ताटात हात धुतला. आमच्या बांधावर राहणाऱ्या माणसांचं इथं काय काय बांधलेलं असतं, याचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

देवळात, सकाळी

सकाळी मंडप गच्च भरला. जत्रेवाले आधीच येऊन बसले होते. वर आकाशपाळणा उभा राहिला होता, जिलेबीची कढई तापत होती, फुगेवाला पिपाण्या वाजवत होता. एक गाठ काय, सकाळी सुटेल या भरवशावर गावानं उपास धरलेला. मीही धरला, म्हणजे एका वर्षात दोन शिवरात्री झाल्या. पुण्य दुप्पट झालं का ते देव जाणे, पोटात मात्र दुप्पट कावकाव होत होती.

देवस्थानचे अध्यक्ष बापू पांढऱ्या कपड्यात, फोन कानाला लावूनच आले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता एवढंच.

"कौसाकाकू, लग्नसराई लागलीय. लोकांनी किती दिस थांबायचं? तुमच्याच घरची गाठ हाय, तुमी सोडा. त्यानं सोताच सांगितलंय म्हणता ना?"

"मी न्हाई सोडायची."

"मंग आप्पा सोडतील."

आप्पांनी मान हलवली नाही. पहिल्यांदाच. "घरातलं माणूस न्हाई म्हणत आसताना मी हात लावणार न्हाई, बापू."

"मंग कापू का कातरीनं? का यंदा शिवरातच न्हाई करायची?" मंडपात कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, एका घरासाठी गाव अडवलं. कुणी म्हणालं, उद्या आपली पोरं अशीच तिकडं राहिली तर? एक जण म्हणाला, माझी तर राहिलीच असती, यंदा वाचलो. कालचीच ती दातानं गाठ सोडणारी बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कातर कुणी लावली तर माजी चिंधी मी परत बांधीन, सांगून ठिवते." हशा झाला, पण बापूंचा चेहरा उतरला. दोन्ही बाजू बरोबर असल्या की कोल्हापूर काय नि बीड काय, माणूस सारखाच अडकतो.

कौसाबाई इतका वेळ नंदीपाशी बसली होती. ती उठली, पदर खोचला.

"मी कवा म्हणलं शिवरात करू नका? वाजवा की घंटा."

"गाठ हाय ना त्याला!"

"गाठीसकट वाजवा."

आप्पा म्हणाले, "कौसा, लई जाड चिंधी हाय. आवाज न्हाई यायचा नीट."

"जेवडा यील तेवडा यील. त्याची थाळी हाय का न्हाई त्याच्यात? मंग तोबी ऱ्हाऊ द्या त्याच्यात."

बापू म्हणाले, असं कधी झालं नाही. सुपवाली म्हातारी म्हणाली, बांधायचं तरी आदी कवा झालतं? माझ्या सासूनं पयल्यांदा बांधली तवा कुणाला इचारलं व्हतं? यावर आप्पांनी उपरण्याचा विषय काढला नाही. ते नुसतेच घंटेखाली जाऊन उभे राहिले आणि दोरी हातात घेतली.

कौसाबाई माझ्याकडं आली. "वैनी, तुमच्या फोनवरून लावा त्याला. तुमचा उचलंल."

दोनदा चुकीच्या ठिकाणी बोट लागलं. तिसऱ्यांदा फोन लागला आणि सुदामनं लगेच उचलला. "बोला वैनी, लई दिसानं!" मागं म्हशी ओरडत होत्या. मी काही न बोलता फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि हात उंच धरला.

आप्पांनी दोरी ओढली.

घंटेसारखा आवाज आलाच नाही. ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखा, जड, बसका आवाज आला. झोळीतलं लेकरूसुद्धा दचकलं नाही. आप्पांनी पुन्हा ओढली, पुन्हा तसाच. इतके महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो हा नव्हता, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. कुणी 'हर हर महादेव' म्हणेना. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुदाम आणि रंजना नाहीत हे असं कानानं ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

"काय वो वैनी, कशाचा आवाज हाय ह्यो?" फोनमधून सुदाम म्हणाला. "देवळात हाव का तुमी? घंटा हाय का ती? आशी कावून वाजती?"

कौसाबाईनं माझा हात धरून फोन तोंडापाशी ओढला.

"तुमची गाठ हाय बाबा त्याच्यात."

फोनमध्ये म्हैस ओरडली, बादली कुठंतरी आपटली. मागून रंजनाचा आवाज आला, "काय झालं? कोण हाय?"

"माय," सुदाम म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "कुणाला सोडू दिऊ नको ती."

"मंग ये की सोडायला," कौसाबाई म्हणाली, फोन माझ्या हातात सोडला आणि 'हर हर महादेव' म्हणत पालखीला खांदा द्यायला पुढं गेली.